मालकांची युती, मजुरांचा कट

या वेळचं संपादकीय स्पर्धेवर आहे. काव्यस्पर्धेवर नाही, बाजारातल्या स्पर्धेवर. 'स्पर्धा धोरण', 'मक्तेदारीविरोधी कायदा', 'आंतरराष्ट्रीय बाजारपेठ' असले शब्द दिसले की काहीजण पान उलटतील. उलटू नका. आपल्या पोटाचा हिशेब ज्या भाषेत होतो ती भाषा आपल्याला कळू नये, ही इथली फार जुनी तजवीज आहे. पूर्वी वेद ऐकला तर कानात शिसं ओतायचे. आता शिसं लागत नाही. इंग्रजी कलमं पुरतात.

गोष्ट तशी साधी आहे. बाजारात चार व्यापारी आहेत. चौघांनी एकमेकांशी भांडावं, भाव पाडावा, म्हणजे गिऱ्हाइकाचं भलं होईल, असं पुस्तकात लिहिलंय. खऱ्या बाजारात हे चौघं संध्याकाळी एका टेबलावर बसतात आणि भाव ठरवून उठतात. याला साटंलोटं म्हणतात, कायद्याच्या भाषेत कार्टेल. असं करू नका म्हणून सांगणारा कायदा जगातल्या शंभरावर देशांत आहे. आपल्याकडे आधी १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. आता २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि तो राबवायला दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोग बसलाय.

आमचा सवाल एवढाच: कोणी एकत्र आलं की कायदा त्याला 'सहकार्य' म्हणतो, आणि कोणी एकत्र आलं की 'कट' म्हणतो? हे तपासायला मी समुद्र घेतो. एक तर मी गोदीत राबतो. दुसरं म्हणजे जगातला बहुतेक माल आजही बोटीनेच जातो. आणि तिसरं म्हणजे साट्यालोट्याचा धंदा समुद्रावर जितका जुना आणि जितका उघड आहे तितका जमिनीवर सहसा सापडत नाही.

*

१८७५ साली विलायत ते कलकत्ता अशा बोटी चालवणाऱ्या इंग्रज कंपन्यांनी एक मंडळ काढलं. कलकत्ता कॉन्फरन्स. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया वगैरे बडी मंडळी त्यात. सगळ्यांनी एकच भाडं घ्यायचं. बोटवाल्यांच्या कॉन्फरन्सचा इतिहास इथून धरतात, म्हणजे या धंद्याचा पाळणा आपल्याच देशाच्या व्यापारावर हलला.

आता बाहेरची एखादी कंपनी कमी भाड्यात बोट घेऊन आली तर? त्यावर दोन वर्षांत यांनी इलाज काढला. व्यापाऱ्याला सांगायचं, सहा महिने फक्त आमच्याच बोटीतून माल धाड, भाड्यातले साधारण दहा टक्के परत देऊ. पण लगेच नाही. आणखी सहा महिने आमच्याशी इमान राखलंस तरच. मधे एक गाठोडं जरी परक्या बोटीत चढलं तरी मागचं सगळं बुडालं. पैसा व्यापाऱ्याचा, कब्जा बोटवाल्याचा. गावाकडे सावकार असाच बांधून ठेवायचा. मागचं फिटत नाही तोवर पुढचं दार बंद. फरक एवढाच की इथे सावकार व्यापाऱ्याला बांधत होता. व्यापारी मग तो बोजा शेतकऱ्यावर आणि गिऱ्हाइकावर टाकून मोकळा.

चीनच्या चहाच्या वाहतुकीत मोगल नावाच्या एका बोट कंपनीने या टोळक्याला टक्कर दिली. १८८५ साली तिच्या बोटी हँकाव बंदरात चहा भरायला गेल्या. टोळक्याने आपल्या बोटी तिच्या मागे धाडल्या, भाडं पार तळाला नेलं, आणि मोगलकडे माल देणाऱ्याची सूट कापली. मोगल बुडायला आली. कोर्टात गेली. १८८९ साली अपील कोर्टाने आणि १८९१ साली खुद्द हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: यात बेकायदेशीर काही नाही. स्वतःचा धंदा राखायला आणि वाढवायला मालक एकत्र आले, त्यात दुसरा मेला तर मेला.

हा निकाल नीट लक्षात ठेवा. दहा वर्षांनी याच सभागृहासमोर दुसरा खटला आला. आयर्लंडमधला एक खाटीक, लेथम नावाचा, युनियनबाहेरचे गडी कामावर ठेवायचा. युनियनने त्याच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, याच्याकडून मटण घेणं बंद कर, नाहीतर तुझे गडी काम सोडतील. बाहेरच्याला एकटा पाडायचा, जे बोटवाल्यांनी केलं तेच. १९०१ साली लॉर्डसाहेब म्हणाले, हा कट आहे. नुकसानभरपाई भरा.

सभागृह तेच आणि कायदा तोच. एकीकडे मालक होते, दुसरीकडे मजूर.

इथल्या किनाऱ्यावरही हेच घडलं. १९०६ साली तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली, तुतिकोरीन ते कोलंबो. ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट पाडत पाडत कवडीमोल करून टाकलं. १९०८ साली पिल्लैंना राजद्रोहाखाली आत टाकलं आणि १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली. मग १९१९ साली मुंबईहून सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट लंडनला निघाली, तर तिच्यावरही भाड्याचं युद्ध लादलं गेलं. शेवटी १९२३ साली करार: सिंदियाने आपल्या किनाऱ्यावर राहावं, परदेशी समुद्रात येऊ नये. देश गुलाम होताच, समुद्रसुद्धा वाटून घेतला होता.

*

आता अमेरिकेत चला. तिथे १८९० साली शर्मन कायदा झाला. आज जगभर मक्तेदारीविरोधी कायद्याचा बाप म्हणून त्याचं नाव घेतात. तेलाच्या, साखरेच्या ट्रस्टांनी देश लुटला होता, लोक भडकले होते, म्हणून तो आणावा लागला. आणि या कायद्याचा पहिला मोठा फटका कोणाच्या पाठीवर बसला? बंदरातल्या मजुरांच्या.

१८९२, न्यू ऑर्लिन्स. गाडीवान, वजनकाटेवाले आणि माल बांधणारे यांच्या तीन युनियन एक झाल्या. मागणी काय, तर दहा तासांचा दिवस, जादा कामाला जादा पैसे, आणि युनियनच्या माणसांना कामावर पसंती. गाडीवानांच्या युनियनमध्ये काळे जास्त होते, बाकी दोन गोऱ्यांच्या. व्यापाऱ्यांच्या मंडळाने डाव टाकला: गोऱ्यांच्या दोन युनियनशी आम्ही बोलतो, काळ्यांशी नाही. आपल्याला हा डाव काही नवा नाही. पाटलाने चावडीवर हेच केलं, मुकादमाने पाळी लावताना हेच केलं. पण न्यू ऑर्लिन्सचे गोरे मजूर बधले नाहीत. काळे गाडीवान आत येईपर्यंत आम्हीही बाहेर, म्हणाले. नोव्हेंबरात वीस-पंचवीस हजार माणसांनी हात खाली टाकले, सगळं शहर थांबलं.

सरकार कोर्टात गेलं, शर्मन कायदा घेऊन. मार्च १८९३ मध्ये फेडरल कोर्टाने मनाई हुकूम काढला: या लोकांनी राज्याराज्यांतल्या आणि परदेशी व्यापाराला अडथळा आणला. संप तोवर मिटलाही होता, तरी हुकूम काढला. पायंडा पाडायचा होता. आणि ज्याच्यासाठी कायदा केला त्या साखर ट्रस्टचं काय झालं? देशातल्या साखर शुद्धीकरणाचा ९८ टक्के धंदा त्याच्या मुठीत होता. १८९५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, साखर बनवणं म्हणजे कारखानदारी, तो काही व्यापार नव्हे, इथे हा कायदा लागत नाही. बंदरात गाडी थांबवली तर व्यापाराला अडथळा, आणि अख्ख्या देशाची साखर गिळली तरी व्यापार नाही! माणसाचं श्रम म्हणजे बाजारचा माल नव्हे, हे कायद्यात लिहायला अमेरिकेला १९१४ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे मद्रासेत बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कंपनीने बी. पी. वाडिया आणि त्यांच्या मजूर युनियनवर हायकोर्टात दावा ठोकला. आमच्या कामगारांना करार मोडायला फूस लावली, म्हणाले. १९२० साली मनाई हुकूम मिळवला. त्यानंतर ना. म. जोशींनी कायदेमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. कामासाठी एकत्र येणं म्हणजे कट नव्हे, ही सवलत आपण लढून घेतली. आणि तीही अटींवर. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केलीय.

इथे एक कडू गोष्ट बोलायलाच पाहिजे, नाहीतर हे संपादकीय अर्धं राहील. त्याच मद्रासच्या गिरणीत १९२१ च्या संपात आदि-द्रविड कामगार संपाबाहेर राहिले आणि सवर्ण कामगारांशी त्यांच्या दंगली झाल्या. का राहिले? ज्यांनी वस्तीत कधी पाणी दिलं नाही, ते फाटकावर एकी मागत होते. मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्यात अस्पृश्याला लूम मिळत नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो, बाटतो, म्हणून. जास्त पगाराचं खातं सवर्ण कामगारांनी स्वतःसाठी बंद ठेवलं होतं. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल युनियनवाल्यांच्या तोंडावर फेकला. बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही आणि आतल्यांनी वाटून खायचं, याला दुसरं काय नाव द्यायचं? तेही साटंलोटंच होतं, फक्त कुठल्या आयोगाने त्याला दंड केला नाही. म्हणून आमची कसोटी दुहेरी आहे. कोणी एकत्र आलं तर दोन प्रश्न विचारायचे: दार कोणासाठी बंद केलं? आणि किंमत कोण मोजतोय? न्यू ऑर्लिन्सच्या संपाने दार उघडं ठेवलं, म्हणून तो आमचा. कलकत्ता कॉन्फरन्सने दार बंद केलं आणि किंमत रयतेने मोजली, म्हणून ती आमची दुश्मन.

*

हा सगळा जुना माल झाला, आज काय त्याचं, असं कोणी म्हणेल. तर आजचं घ्या.

कॉन्फरन्सने भाडं ठरवायची मुभा युरोपने ऑक्टोबर २००८ मध्ये काढून घेतली. चांगलं झालं. पण तोवर कंटेनरचा जमाना पक्का झाला होता. बोटी अवाढव्य झाल्या, छोट्या कंपन्या मोठ्यांनी गिळल्या, आणि उरलेल्यांनी 'अलायन्स' काढले. एकमेकांच्या बोटीत जागा वाटून घ्यायची, वेळापत्रक मिळून ठरवायचं, कुठली फेरी रद्द करायची तेही मिळून. भाडं मात्र आम्ही वेगवेगळं ठरवतो, म्हणतात. अहो, पुरवठा मिळून ठरवला की भाव वेगळा ठरवायला उरतो किती? महामारीच्या काळात नऊ बड्या कंपन्या तीन अलायन्समध्ये बसल्या होत्या. चाळीस फुटी डब्याचं जगभरचं सरासरी भाडं २०१९ साली दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते दहा हजारांच्या पुढे गेलं. एकट्या मर्स्क कंपनीचा २०२२ सालचा नफा २९ अब्ज डॉलर. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेने, अंकटाडने, २०२१ साली हिशेब मांडला होता: हे भाडं असंच राहिलं तर जगात महागाई दीड टक्क्याने वाढेल, पण समुद्रातल्या छोट्या छोट्या बेटदेशांत साडेसात टक्क्यांनी. म्हणजे जो सगळ्यात छोटा, त्याच्या ताटातली भाकरी सगळ्यात आधी लहान होणार.

अमेरिकेच्या सागरी आयोगाने चौकशी केली. मे २०२२ च्या अहवालात म्हटलं, साट्यालोट्याचा पुरावा नाही, मागणी वाढली आणि बंदरं तुंबली म्हणून भाव चढला. मागणी वाढली होती आणि बंदरं तुंबली होती, हे खरंच आहे. आम्ही तुंबलेलं बंदर बघितलंय. पण ज्या करारांची नोंद त्या आयोगाकडे केली की मक्तेदारीविरोधी कायदा लागूच होत नाही, त्या करारांत गुन्हा सापडणार कुठून? चोरीला परवाना दिला की चोर सापडत नसतो. युरोपनेही अलायन्सवाल्यांना दिलेली खास सूट या सगळ्या काळात चालू ठेवली होती. ती संपली २५ एप्रिल २०२४ ला. डबे भरून नफा घरी गेल्यावर.

आपल्या सरकारने काय केलं? डिसेंबर २०१३ मध्ये बोटीतली जागा वाटून घेण्याच्या करारांना स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमातून सूट दिली. ती वाढवत नेली. २०१८ साली एकदम तीन वर्षांची दिली, कुठल्याही देशाच्या कंपनीला. भाव ठरवणं, बाजार वाटून घेणं याला सूट नाही, अशी अट घातली होती. अट कागदावर चांगली आहे. पण ती पाळली की नाही हे बघायला नाशिकचा द्राक्षवाला कुठे जाणार? त्याची पेटी न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमला जाते, भाडं त्याच्या भावातून कापलं जातं, आणि सुटीचा कागद त्याने उभ्या जन्मात बघितलेला नसतो.

आणि न्हावा-शेवा तरी कोणाचं? १९८९ साली हे बंदर सरकारी पैशातून उभं राहिलं. १९९९ मध्ये तिथे पहिला खाजगी धक्का आला, तो पी अँड ओ च्या बंदर कंपनीचा. १८७५ च्या कॉन्फरन्समध्ये बसलेलं नाव सव्वाशे वर्षांनी आपल्याच खाडीत परत आलं. पुढे ते दुबईच्या कंपनीने विकत घेतलं. शेजारच्या धक्क्यात मर्स्कच्या घराण्यातली बंदर कंपनी भागीदार आहे. बोट ज्याची, धक्का त्याच्याच घरच्याचा. मग बाकीच्यांनी स्पर्धा करायची कोणाशी?

मजुरांकडे वळा. नॉर्वेत ड्रामेन नावाचं बंदर आहे. तिथे नोंदणीकृत गोदी कामगारांना कामावर पहिला हक्क, असा १९७० च्या दशकापासूनचा करार. हा हक्क जगभरच्या गोदी कामगारांनी रोजंदारीच्या नरकातून बाहेर पडायला मिळवला होता. सकाळी फाटकावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो आत, बाकी उपाशी घरी. मुंबईतही टोळीवाल्यांचं हेच राज्य होतं. १९४८ च्या कायद्याने नोंदणी आली तेव्हा कुठे हजेरीला किंमत आली. तर ड्रामेनला होलशिप नावाच्या कंपनीने आपलीच माणसं ठेवून माल उतरवायला सुरुवात केली. युनियन म्हणाली, करारात ये, नाहीतर तुझ्यावर बहिष्कार. मामला एफ्टा कोर्टात गेला. एप्रिल २०१६ मध्ये कोर्ट म्हणालं, पगाराचे सामूहिक करार स्पर्धा कायद्याच्या बाहेर असतात हे खरं, पण कामाचा पहिला हक्क त्या छपराखाली बसत नाही. डिसेंबरात नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टाने बहिष्कार बेकायदा ठरवला: कंपनीच्या धंदा थाटायच्या स्वातंत्र्याला बाधा येते. २०२१ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टानेही यात काही वावगं नाही म्हटलं.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याच २०१६ सालच्या जुलैत चौदा कंटेनर कंपन्यांचा मामला युरोपच्या आयोगापुढे होता. या कंपन्या भाडेवाढ आधीच जाहीर करून एकमेकांना इशारा देतात, असा संशय. निकाल काय, तर कंपन्यांनी पुढे नीट वागायचं वचन दिलं. दंड शून्य. मालकांचं वचन चालतं, मजुरांचा करार चालत नाही.

*

मग हा कायदा फेकून द्यायचा का? आमच्यातले काही पोरं म्हणतील, फेका. भांडवलदारांनी भांडवलदारांसाठी केलेला कायदा, आपला काय संबंध?

आमचं म्हणणं वेगळं आहे. हत्यार कोणाच्या हातात आहे ते बघा. जिथे हे हत्यार मालकावर उगारलं तिथे ते लागलंय. मोटारी वाहून नेणाऱ्या बोटींच्या कंपन्यांनी २००६ ते २०१२ जगभर साटंलोटं केलं. मॅनेजर लोक हॉटेलात, बारमध्ये बसून ठरवायचे: तुझं गिऱ्हाईक तुझं, माझं माझं, कोणी कोणाच्या हद्दीत भाव पाडायचा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपने ३९.५ कोटी युरो दंड केला. अमेरिकेने दंड तर केलाच, वर काही साहेबांना तुरुंगातही धाडलं. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानेही तीन जपानी कंपन्यांना मिळून ६३ कोटींच्या आसपास दंड केला. हे सापडलं कसं? टोळीतला जो पहिला येऊन कबुली देईल त्याला माफी, अशी या कायद्यात सोय आहे. युरोपात एका कंपनीने पहिली कबुली दिली, इथे दुसरीने. चोरांची एकी एवढीच असते.

आणि जिथे सरकारला कणा असतो तिथे काय होतं तेही बघा. २०१४ साली जगातल्या सगळ्यात मोठ्या तीन कंटेनर कंपन्या पी-३ नावाने एकत्र येणार होत्या. अमेरिकेच्या आयोगाने हरकत घेतली नाही. चीनने जूनमध्ये एका कागदाने तो बेत मोडला: आशिया-युरोप मार्गावरची जवळजवळ ४७ टक्के क्षमता तुमच्या हातात जाईल, चालणार नाही. चीन काही मजुरांचा स्वर्ग नाही, तिथे स्वतंत्र युनियन काढली तर आत टाकतात. पण बंदर आपलं असेल तर परक्या बोटवाल्याला नाही म्हणता येतं, एवढं त्यावरून कळतं.

खरी मेख आहे ती सरहद्दीवर. श्रीमंत देश घरात साट्यालोट्याला बंदी करतात आणि बाहेर लुटायला मोकळीक देतात. अमेरिकेने १९१८ सालीच वेब-पॉमरीन कायदा करून ठेवला: निर्यातीसाठी एकत्र आलात तर शर्मन कायदा लागणार नाही. या कायद्याच्या आडोशाने तिथल्या सोडा ॲश कारखानदारांनी अन्सॅक नावाची एकच संस्था काढून परदेशी विक्री चालवली. आपल्या धुण्याच्या पावडरीत, बाटलीच्या काचेत हाच माल जातो. १९९६ साली इथल्या उत्पादकांच्या तक्रारीवरून एमआरटीपी आयोगाने त्यांच्या मालाला मनाई केली. २००२ साली सुप्रीम कोर्टाने ती उठवली: या कायद्याचा हात देशाबाहेर पोचत नाही. तक्रार करणारे इथले उत्पादकही काही झोपडपट्टीतून आलेले नव्हते, पण धडा आपल्या कामाचा आहे. नव्या स्पर्धा कायद्यात मग ३२ वं कलम आलं. करार परदेशात झाला असेल, पण मार इथल्या बाजाराला बसत असेल, तर आयोगाला हात घालता येतो. २०२३ च्या दुरुस्तीने दंड कंपनीच्या जगभरच्या उलाढालीवर मोजायची वाटही उघडली.

कलम आहे. पण पोटॅशचं काय? आपल्या देशात वापरलं जाणारं जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून येतं. वर्षानुवर्षं जगाची निर्यात दोन विक्री-टोळ्यांच्या मुठीत होती, एक कॅनडाची, एक रशिया-बेलारूसची. जुलै २०१३ मध्ये रशियाची कंपनी भांडून बाहेर पडली. लगेच टनाला चारशे डॉलरच्या वर असलेला आपला भाव पुढल्या वर्षी तीनशेच्या घरात आला. खाण तीच, माती तीच, बोटही तीच. टोळी फुटली म्हणून भाव उतरला. म्हणजे आधीचे ते जादा पैसे कशाचे होते? ऊसवाल्याच्या, केळीवाल्याच्या खिशातून आणि सरकारी अनुदानातून ते गेले, आणि हिशेब कोणी मागितला नाही.

जगाचा मिळून एक कायदा करायचं १९४८ च्या हवाना सनदेत लिहिलं होतं. ती सनद कधी अंमलातच आली नाही. १९८० साली संयुक्त राष्ट्रांनी तत्त्वं मंजूर केली, कोणावर बंधनकारक नाहीत. जागतिक व्यापार संघटनेत हा विषय आला तेव्हा श्रीमंत देशांना त्यातून गरिबांच्या बाजारात घुसायची वाट हवी होती, निर्यात टोळ्यांवर बोलायचं नव्हतं. भारतासकट गरीब देशांनी विरोध केला आणि २००४ साली तो विषय बाजूला पडला. म्हणजे माल जगभर फिरतो, पैसा जगभर फिरतो, आणि कायदा प्रत्येक देशाच्या फाटकापाशी येऊन थांबतो.

*

दोस्तांनो, आता मागण्या. नुसतं शिव्या देऊन भागत नाही.

एक. बोटवाल्यांना सूट द्यायची तर ती बंद खोलीत द्यायची नाही. मसुदा मराठीत, तमिळमध्ये, गुजरातीत छापा. बंदर कामगार, छोटे निर्यातदार, शेतकरी यांना बोलवा आणि ऐका. सूट घेणाऱ्याने भाड्याचा हिशेब जाहीर केला पाहिजे.

दोन. दंडाचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याला लुटलं त्याला त्यातलं काही मिळत नाही. भरपाई मागायची सोय कायद्यात आहे, पण ती वकील लावून दिल्लीत भांडू शकणाऱ्यांसाठी. लुटलेल्यांची भरपाई आयोगाने आपणहून ठरवावी.

तीन. मजुरीसाठी, तासांसाठी, सुरक्षेसाठी मजूर एकत्र आले तर त्यांना स्पर्धा कायदा लागणार नाही, हे स्वच्छ शब्दांत कायद्यात लिहा. २०१७ साली स्पर्धा आयोगाने मुंबईतल्या सिनेकामगार संघटनांच्या काही अटी स्पर्धाविरोधी ठरवून बंद करायला सांगितल्या. दंड केला नाही, युनियनच्या हक्काला हात लावत नाही असंही म्हटलं. पण दार एकदा किलकिलं झालंय. उद्या डिलिव्हरीवाली पोरं दर वाढवून मागायला एकत्र आली तर कंपनी म्हणेल, हे तर स्वतंत्र धंदेवाले, यांनी भाव ठरवला, हे कार्टेल. युरोपच्या आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वं काढून असल्या एकट्या राबणाऱ्यांच्या सामूहिक कराराला मोकळीक दिली. इथे कधी?

चार. ही मागणी आपल्या आपल्याकडे आहे. आपल्या युनियनची दारं उघडा. कंत्राटी कामगार, बाया, परप्रांतातून आलेला, आपल्या जातीचा नसलेला, सगळ्यांना. सिनेकामगारांच्या त्या खटल्यात सभासदांनाच काम द्यायची अट आयोगाच्या हाती सापडली. जिथे आपण दार बंद करतो तिथे मालकाच्या वकिलाला आयती किल्ली मिळते. आणि वकील नसता तरी बंद दारामागे बसून आम्ही समतेची गाणी म्हणणार नाही. आमच्या वाट्याला या देशाने एकच मक्तेदारी दिली होती, मैला उचलायची. तिच्यात स्पर्धेला कोणी आलं नाही.

मालक दीडशे वर्षं एकत्र आहेत. त्यांनी नावं बदलली, कॉन्फरन्सचं अलायन्स केलं, पण टेबल सोडलं नाही. आपण फाटकावर वेगवेगळे उभे राहतो आणि एकमेकांपेक्षा दहा रुपये कमी सांगतो. या देशात खरीखुरी स्पर्धा कुठे असेल तर ती आहे भुकेल्या माणसांमध्ये. ती आधी मोडली पाहिजे.

हे पान वाचून झालं की पाळीवरच्या दुसऱ्या गड्याला द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.